मदत हवी आहे: म्युझिक सर्व्हरवर मधूनच 'टक्' आवाज येतो

नमस्कार मंडळी. सिंगल बोर्ड कॉम्प्युटरवर (एकाच छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर) एमपीडी हा गाणी वाजवणारा प्रोग्राम टाकून घरचा म्युझिक सर्व्हर केलाय. गाणी यूएसबी हार्ड डिस्कवर, आवाज यूएसबी डॅकमधून (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारा डबा) अ‍ॅम्प्लिफायरला. सीडीवरून उतरवलेल्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या फ्लॅक (दर्जा न घटवता आकार कमी केलेल्या) फाइल्स अप्रतिम वाजतात. पण २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची फाइल लावली की मधूनच 'टक्' होतं. एकच सूर लांबत असेल तिथे तर ते फारच खुपतं.

वेग कमी पडतोय असं वाटत नाही. अशा फाइलला सेकंदाला साडेचार मेगाबिटच्या आसपास लागतात, यूएसबी २ ची क्षमता ४८० मेगाबिट. वायफाय तर मध्ये येतच नाही. माझा संशय पॉवरवर आहे, कारण डिस्क आणि डॅक दोन्ही बोर्डाकडूनच वीज घेतात, आणि डिस्क फिरायला लागते तेव्हाच टकटक वाढते. स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला यूएसबी हब घेतला तर फरक पडेल का? की आधी एमपीडीचा बफर (गाण्याचा आगाऊ भरून ठेवलेला साठा) वाढवून बघू?

आणखी एक. रीस्टार्टनंतर कधी कधी बोर्डाचं एचडीएमआय (टीव्हीला जोडायचं आउटपुट) पहिलं साउंड कार्ड ठरतं आणि डॅक गप्प! एमपीडीच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) कार्डाच्या नंबराऐवजी नाव दिलं तर पुरेल ना? कुणी केलं असेल तर ती ओळ जशीच्या तशी टाका प्लीज.