सगळ्या संख्या तपासल्या म्हणजे सिद्धता झाली का?

मावशी_कोथरूड
भाची अकरावीत आहे. आपल्या फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या गणितज्ञ कापरेकरांचा 6174 तिला परवा सांगितला: चार अंकी संख्या घ्यायची (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, उत्तरावर पुन्हा तेच. शेवटी 6174 येतोच. जेवणं झाल्यावर तिने पायथनमध्ये प्रोग्राम लिहिला आणि ओरडली, "मावशी, कापरेकर चुकले!" 2111 थेट शून्यावर गेलं होतं. कागदावर करून पाहिलं. 2111 वजा 1112 म्हणजे 0999, आणि प्रोग्रामने पुढचं शून्य गिळलं होतं. मग 999 वजा 999, संपलंच! ते शून्य राखलं तेव्हा सगळ्या 8991 संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 वर आल्या.

ती म्हणते, सिद्ध झालं. मी तीस वर्षं गणित शिकवलं, पण याला सिद्धता म्हणायला जीभ रेटत नाही. माझं चुकतंय का?

हिंजवडीकर
ताई, भाचीचं बरोबर आहे. संख्या मोजक्या आहेत आणि एकही सुटली नाही, तर ती सिद्धताच. 1976 मध्ये ॲपेल आणि हाकेन या गणितज्ञांनी चार रंगांचं प्रमेय (कोणताही नकाशा, शेजारचे प्रदेश एकाच रंगाचे न होता, चार रंगांत रंगवता येतो) असंच सोडवलं. अगणित नकाशांचा प्रश्न दोन हजारांच्या आतल्या रचनांवर आणला आणि त्या संगणकाकडून तपासून घेतल्या. तेव्हाही अनेकांना पटलं नाही. तुमच्या 0999 सारखी चूक त्यात नसेल कशावरून? 2005 मध्ये गोंतिए यांनी कॉक या प्रणालीत अख्खी सिद्धता लिहिली, तिची प्रत्येक पायरी तर्काच्या नियमांनी तपासली जाते. हल्ली असं काम लीन नावाच्या तशाच प्रणालीत खूप चालतं. तिला ते दाखवाच.

वहीपेन
सिद्ध झालं, पण असं का होतं ते कुठे कळलं? अंक मोठ्याकडून क, ख, ग, घ धरा. पहिली वजाबाकी नेहमी 999(क−घ) + 90(ख−ग). म्हणजे पहिल्याच पायरीला 8991 च्या फक्त 54 होतात. तेवढ्या वहीत मावतात.

मावशी_कोथरूड
54 वाचून लगेच वही काढली. फरक 6 आणि 2 घेतले: 5994 अधिक 180, बरोबर 6174! आणि 7641 मधले फरक पुन्हा 6 आणि 2. किती वर्षं मी हे मुलांना नुसतं करून दाखवत होते. उरलेल्या 53 आज रात्री दोघी मिळून करतो, लॅपटॉप बंद ठेवून. लीनचं रविवारी बघू. हिंजवडीकर, ते साध्या लॅपटॉपवर चालतं ना?