कमी बजेटमध्ये ऑडिओ इंटरफेस: एक माइक इनपुट पुरेल की दोन हवेत?

अर्धा_सूर
नमस्कार मंडळी, घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करायची आहेत, आतापर्यंत फोनवरच करत होतो पण आता जरा नीट करावं म्हणतोय, म्हणून ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक-गिटार लॅपटॉपला जोडणारा डबा, घ्यायचाय. माझ्याकडे एक एसएम५८ माइक आहे आणि पिकअपवाली (वायरने जोडता येणारी) अकूस्टिक गिटार आहे, लॅपटॉप विंडोजचा, ८ जीबी रॅमचा. कधी गिटार आणि गाणं एकदमच वाजवतो-गातो, कधी आधी गिटार मग त्यावर आवाज. बजेट तोकडं आहे. शोधलं की तीचतीच नावं येतात, बेहरिंजर यूएम२, यूएमसी२०२एचडी, फोकसराइट स्कार्लेट सोलो, २आय२, मोटू एम२, आणि जितकं वाचतो तितका गोंधळ वाढतोय. १९२ किलोहर्ट्झ सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतात तो आकडा) खरंच लागतो का? प्रीअ‍ॅम्पचा (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग) फरक कानाला कळतो का? आणि एक जण म्हणाला इंटरफेस वगैरे सोड, सरळ यूएसबी माइक घे. पुढेमागे कंडेन्सर माइक (जास्त संवेदनशील, वीज लागणारा) घ्यायचा विचार आहे, एवढं धरून सांगा.

खर्जातला
ब्रँड नंतर बघ, आधी एकाच वेळी किती गोष्टी रेकॉर्ड करणार ते ठरव, कारण बाकी सगळं नंतर निभावून नेता येतं पण नसलेलं इनपुट कुठून आणणार.

सोलोला माइक इनपुट एकच, दुसरं इनपुट गिटार किंवा लाइनचं. यूएम२चंही तसंच. तुझ्या गिटारला पिकअप आहे म्हणजे कागदावर काम होतंय, पण अकूस्टिकमधला पिएझो पिकअप थेट लावला की आवाज कोरडा, जरा प्लास्टिकसारखा येतो. स्टेजवर चालून जातं, रेकॉर्डिंगमध्ये मात्र उघडं पडतं. मग वाटायला लागतं की गिटारसमोर पण माइक ठेवावा, बाराव्या फ्रेटच्या आसपास रोख धरून, आणि तिथे दुसरा माइक प्रीअ‍ॅम्प लागतो. तू कंडेन्सर घेणार म्हणतोयस तो बहुतेक गिटारसमोरच जाणार आहे बघ. म्हणून माझं मत, दोन माइक इनपुटवालाच घे, यूएमसी२०२एचडी किंवा २आय२. जर सगळं एकेक करूनच रेकॉर्ड करणार असशील तर सोलो पुरतो, उगाच जास्त खर्च नको.

यूएसबी माइक पॉडकास्टला मस्त. पण त्यात गिटार लावता येत नाही, आणि पुढे दुसरा यूएसबी माइक आणलास तर दोघांचं क्लॉक (सॅम्पल मोजायचं घड्याळ) वेगळं, विंडोजवर दोन्ही एकदम वापरणं म्हणजे डोक्याला ताप. आणि एसएम५८ आहे की हातात, तो काय शोकेसमध्ये ठेवायचाय?

१९२ विसर. माणसाला २० किलोहर्ट्झच्या वर ऐकू येत नाही, तेही तरुणपणी, आणि ४४.१ सॅम्पल रेटवर त्याच्या निम्मं, २२.०५ पर्यंत पकडलं जातं. ४८ किलोहर्ट्झ २४ बिट (प्रत्येक नमुन्याची बारकाई) ठेव आणि गप गा. १९२ ला फाइल चौपट मोठी होते आणि ८ जीबीवाला लॅपटॉप धापा टाकायला लागतो.

बफर_भाऊ
वरच्यांशी सहमत पण ड्रायव्हरचं कोणीच बोललं नाही, आणि विंडोजवर सगळा खेळ तिथेच आहे. मॅकवाल्यांचं त्यातल्याच कोअर ऑडिओवर भागतं, आपल्याला एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे आवाजाची ने-आण कमी उशिरात करणारं सॉफ्टवेअर, लागतो. यूएम२ आणि यूएमसी२२ ला स्वतःचा असा एएसआयओ ड्रायव्हर नाही, लोक एएसआयओ-फोर-ऑल टाकतात, तो विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेला मुखवटा आहे, चालला तर छान चालतो आणि नाही चालला तर संध्याकाळ गेली. २०२एचडी, स्कार्लेट, एम२ यांना कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर आहे. त्यामुळे अगदी स्वस्तातला घेण्यापेक्षा एक पायरी वरचा घे असं मी कुणालाही सांगतो.

लेटन्सीचं, म्हणजे आवाज परत कानात येण्यातल्या उशिराचं, गणित सोपं आहे, बफर (कॉम्प्युटर एका वेळी घेतो तेवढे सॅम्पल) भागिले सॅम्पल रेट. ४८ वर १२८ सॅम्पल म्हणजे २.७ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३. पण हे एका बाजूचं, आवाज आत जाऊन परत कानात येईपर्यंत दोन्ही बाजू धर, वर कन्व्हर्टर आणि यूएसबीचा थोडा, म्हणजे १२८ वर साधारण १० च्या आसपास पकड. हवेत आवाज १० मिलिसेकंदात साडेतीन मीटर जातो, म्हणजे तेवढ्या लांबच्या स्पीकरवर वाजवल्यासारखं. गिटारला चालतं, गाताना मात्र स्वतःचा आवाज डोक्यात आणि हेडफोनमध्ये दोन्हीकडून येतो म्हणून लवकर खुपतं. रेकॉर्ड करताना १२८, मिक्स करताना १०२४, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मे प्रॉब्लेम सुटतात. आणि डायरेक्ट मॉनिटर आहेच, त्यात आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता सरळ हेडफोनला येतो, लेटन्सी जवळपास शून्य.

मंद्रसप्तक
डायरेक्ट मॉनिटरमध्ये आवाज एकदम सुका येतो पण, रिव्हर्ब (घुमारा) नाही काही नाही. मला तसं गाताच येत नाही, सूर हलतो. ज्यांना रिव्हर्ब घेऊनच गायची सवय आहे त्यांनी ड्रायव्हरकडे दुप्पट लक्ष द्या.

आता प्रीअ‍ॅम्पबद्दल. या रेंजमध्ये मधल्या गेनवर (माइकचा आवाज वाढवायचा नॉब) डोळे मिटून ऐकवलं तर कोणाला सांगता येणार नाही हा कुठला आणि तो कुठला. फरक पडतो गेन पूर्ण फिरवल्यावर, तेव्हा हिस्स ऐकू येतो. आणि एसएम५८ डायनॅमिक (वीज न लागणारा) असल्याने त्याचं आउटपुट कमी, कंडेन्सरपेक्षा बरंच. जवळून मोकळ्या आवाजात गायलास तर काही अडचण नाही, पण हळू आवाजात एक हात लांबून गाशील तर नॉब शेवटाला जाणार. स्कार्लेटच्या चौथ्या जनरेशनमध्ये सोलोला ५७ डीबी गेन आहे आणि २आय२ ला ६९, हा फरक मला १९२ च्या स्टिकरपेक्षा कितीतरी मोठा वाटतो. एसएम७बी या डायनॅमिक माइकला तर तो बनवणारी शुअरच किमान ६० डीबी सांगते, म्हणून तो माइक घेऊन वर बूस्टर विकत घेणारे इतके दिसतात.

अर्धा_सूर
भारी माहिती, धन्यवाद सगळ्यांना! म्हणजे दोन माइक इनपुट आणि स्वतःचा ड्रायव्हर, हे पक्कं. अजून दोन शंका. कंडेन्सरला वीज द्यायला ४८ व्होल्टचं (फँटम पॉवरचं) बटण चालू केलं आणि दुसऱ्या इनपुटला एसएम५८ असेल तर तो जळेल का? बऱ्याच इंटरफेसवर दोन्ही इनपुटला मिळून एकच बटण दिसतंय. आणि सेकंडहँड घ्यावा का?

खर्जातला
नाही जळत. एक्सएलआर (तीन पिनांची माइकची) केबल धड असली तर डायनॅमिकला फँटम पॉवरने काही होत नाही. जपायचं ते जुन्या रिबन माइकला, तो तुझ्याकडे नाहीये. फक्त बटण दाबताना स्पीकर बंद ठेव आणि हेडफोन काढ, ठॉप्प असा आवाज येतो. गिटार मात्र नेहमी जॅकने इन्स्ट्रुमेंट इनपुटला लाव आणि इन्स्ट किंवा हाय-झी लिहिलेलं बटण चालू कर, लाइनवर ठेवलंस तर आवाज बारीक आणि बोथट येईल आणि तू गिटारला दोष देशील.

बफर_भाऊ
सेकंडहँड बिनधास्त घे, यात झिजण्यासारखं फार काही नसतं. कंपनीच्या साइटवर तुझ्या विंडोजसाठी त्या मॉडेलचा ड्रायव्हर मिळतोय का ते आधी बघ, हे सगळ्यात महत्त्वाचं. मग समोर बसून दोन्ही इनपुटला माइक लावून बघ, गेनचे नॉब फिरवताना खरखर येते का, यूएसबीचं सॉकेट सैल आहे का, फँटम दोन्हीकडे येतोय का (यासाठी कुणाचा तरी कंडेन्सर सोबत ने). फायरवायरवाला कितीही स्वस्त मिळाला तरी नको, तुझ्या लॅपटॉपला ते पोर्टच नसणार.

मंद्रसप्तक
आणि लेव्हल भरमसाट ठेवू नकोस, २४ बिट आहे तर सगळ्यात मोठ्या सुराला उणे १२ डीबीच्या आसपास मीटर गेला तरी भरपूर झालं, लाल दिवा लागला की तो टेक गेला. चार्जर लावल्यावर गुंईं असा आवाज आला तर बॅटरीवर चालवून बघ, तो बऱ्याचदा ग्राउंडचा घोळ असतो, इंटरफेस परत करायची घाई नको.

अर्धा_सूर
ओके, मग २०२एचडी आणि सेकंडहँड २आय२ यात जो चांगल्या स्थितीत मिळेल तो. हेडफोन साधे इअरफोनच आहेत, चालतील?

खर्जातला
सुरुवातीला चालतील, फक्त छोट्या पिनचा मोठ्या जॅकला लागणारा अ‍ॅडाप्टर घे. नंतर घेशील तेव्हा क्लोज्ड बॅक (मागून बंद) घे, ओपन बॅकमधून क्लिक ट्रॅक (तालाची टिकटिक) बाहेर सांडतो आणि माइकमध्ये जाऊन बसतो.