मदत हवी आहे: एक्सएसएलटी १.० मध्ये लांबलचक मजकुराचे शब्द सुटे करायचेत

मंडळी,

एका जुन्या बखरीचा मजकूर एक्सएमएलमध्ये आहे. एक्सएसएलटीने (एक्सएमएलचं रूप बदलणारी भाषा) त्याचं एचटीएमएल करताना प्रत्येक शब्द वेगळ्या स्पॅनमध्ये (मजकुराचा तुकडा वेगळा ठेवणारा टॅग) हवाय, म्हणजे शब्दावर क्लिक केलं की कोशातला अर्थ उघडेल. बखरीला परिच्छेद वगैरे भानगड नसते, त्यामुळे प्रकरणच्या प्रकरण एकाच टॅगमध्ये बसलंय.

अट एकच, १.० सोडता येणार नाही. क्लायंटकडे एका जागी एक्सएसएलटीप्रॉक (एक्सएसएलटी चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे इंजिन) आहे आणि दुसरीकडे जावासोबत येतं ते इंजिन. एकच स्टाइलशीट (एक्सएसएलटीत लिहिलेली फाइल) दोन्हीकडे चालायला हवी, म्हणून एक्सटेन्शन फंक्शनंही (इंजिनागणिक वेगळी जोड-फंक्शनं) नकोत.

सध्याची पद्धत सगळ्यांना माहीत असलेलीच: सबस्ट्रिंग-बिफोरने पहिला शब्द काढायचा, सबस्ट्रिंग-आफ्टरने उरलेला मजकूर घ्यायचा आणि टेम्प्लेटने (स्टाइलशीटमधला कामाचा एक तुकडा) तो घेऊन स्वतःलाच परत हाक मारायची, म्हणजे रिकर्शन. व्हेरिएबल एकदा ठरलं की बदलत नाही, तेव्हा लूपचा प्रश्नच नाही. लहान मजकुराला हे झकास चालतं. मोठं प्रकरण आलं की एक्सएसएलटीप्रॉक 'रिकर्शन अनंत दिसतंय' म्हणून हात वर करतो, कारण त्याची डीफॉल्ट खोली (एकात एक हाकांची मर्यादा) ३०००. मॅक्सडेप्थ, म्हणजे हीच मर्यादा, वाढवून आजचं काम निघेल, पण उद्या त्याहून मोठं प्रकरण येणारच.

दिमित्रे नोवाचेव यांच्या एफएक्सएसएल या एक्सएसएलटीच्या तयार टेम्प्लेट्सच्या लायब्ररीत यावर उतारा आहे: मजकूर मधोमध तोडायचा, दोन्ही अर्ध्यांवर तेच काम करायचं आणि निकाल जोडायचे. साठ हजार अक्षरांनाही खोली १६ च्या आसपासच राहते. एकेका अक्षरावर काम असेल तर फारच सुंदर. माझं काम शब्दांवर आहे आणि तिथेच घोडं अडलंय. 'कार्यक्रम' घ्या. इंजिनाच्या लेखी ती नऊ चिन्हं, कारण काना आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. चारवर तोडलं की एका स्पॅनमध्ये 'कार्' आणि दुसऱ्यात 'यक्रम'!

तर प्रश्न दोन:
१. शब्द न तुटता अर्धे कसे करायचे?
२. 'प्रत्येक शब्दाचं काय करायचं' हे पॅरामीटर म्हणून द्यायचंय. एफएक्सएसएलसारखं स्टाइलशीटमध्येच एक रिकामं एलिमेंट ठेवून, डॉक्युमेंट फंक्शनला रिकामी स्ट्रिंग देऊन ते उचलतो आणि त्यावर अप्लाय-टेम्प्लेट्स (त्याला जुळणारं टेम्प्लेट चालवणं) करतो. यात काही गोम आहे का?

(अँगल ब्रॅकेट इथे गिळले जातात, म्हणून कोड शब्दांत लिहिलाय.)

प्रतिसाद १
३.० वर का जात नाही? टोकनाइझ (मजकुराचे तुकडे करणारं फंक्शन) २.० पासूनच आहे आणि ३.० मध्ये फोल्ड-लेफ्ट, फॉर-ईच, फंक्शनच पॅरामीटर म्हणून देणं, सगळं आयतं मिळतं. सॅक्सन या इंजिनाच्या फुकट आवृत्तीतही १० पासून हायर-ऑर्डर फंक्शनं (फंक्शनच पॅरामीटर म्हणून घेणारी) आहेत.

धागाकर्ता
मला का नकोय! पण सर्व्हर माझा नाही.

प्रतिसाद २
मधोमध तोडू नका, मध्याच्या पुढच्या पहिल्या स्पेसवर तोडा. मजकुराचा उत्तरार्ध एका व्हेरिएबलमध्ये घ्या. डावा तुकडा म्हणजे पूर्वार्ध आणि त्याला जोडून उत्तरार्धाचं सबस्ट्रिंग-बिफोर. उजवा तुकडा म्हणजे उत्तरार्धाचं सबस्ट्रिंग-आफ्टर. उत्तरार्धात स्पेसच नसेल तर तुमची जुनी पद्धत, पहिला शब्द काढून पुढे. ही वेळ शेवटचा शब्द निम्म्याहून लांब असतानाच येते, म्हणजे मजकूर तोवर चिमूटभर उरलेला असतो. अख्ख्या मजकुरात स्पेस नसेल तर तो एकच शब्द, तिथे थांबा.

सुरुवातीलाच नॉर्मलाइझ-स्पेस (जादा स्पेस काढणारं फंक्शन) लावा. मात्र वर्डमधून आलेल्या मजकुरात नॉन-ब्रेकिंग स्पेस (जिथे ओळ तुटत नाही अशी) हमखास असते आणि नॉर्मलाइझ-स्पेस तिला हात लावत नाही. आधी ट्रान्सलेटने (चिन्हाच्या जागी चिन्ह बदलणारं फंक्शन) तिची साधी स्पेस करा.

शब्द नुसते मोजायचे असतील तर रिकर्शन नकोच. नॉर्मलाइझ केलेल्या मजकुराच्या लांबीतून, ट्रान्सलेटने स्पेस काढून टाकलेल्या मजकुराची लांबी वजा करा आणि एक मिळवा.

प्रतिसाद ३
दुसऱ्या प्रश्नाबद्दल: रिकामी स्ट्रिंग दिली की डॉक्युमेंट फंक्शन स्टाइलशीटची फाइल तिच्या पत्त्यावरून पुन्हा वाचतं. एक्सएसएलटीप्रॉकला फाइल देता तेव्हा पत्ता असतोच. जावात मात्र स्टाइलशीट मेमरीतल्या स्ट्रिंगमधून दिली असेल तर पत्ताच नसतो आणि काहीच उचललं जात नाही. स्ट्रीमसोर्सला (जावात स्टाइलशीट ज्यातून दिली जाते ते) सिस्टिम आयडी, म्हणजे पत्ता, द्या. बाकी पद्धत चांगली आहे. लोक १.० ला उगाच नावं ठेवतात.

धागाकर्ता
प्रतिसाद २ प्रमाणे केलं, सगळ्यात मोठं प्रकरण डीफॉल्ट खोलीतच पार पडलं. सिस्टिम आयडी उद्या तिकडच्या माणसाला सांगतो. आता एकच उरलंय: बखरीत 'आले।मग' असं दंडाला चिकटून येतं. ट्रान्सलेटने दंडाच्या जागी स्पेस आणली तर दंडच जातो.

प्रतिसाद २
ट्रान्सलेट एका चिन्हाला एकच चिन्ह देतं, भर घालत नाही. तुमच्या टेम्प्लेटमध्ये स्पेस थेट लिहिलीय ना? तिचा पॅरामीटर करा. बाहेरची हाक दंडावर तोडेल आणि तिला 'काम' म्हणून स्पेसवर तोडणारी हाक द्या. डावा आणि उजवा तुकडा जोडताना मध्ये दंड छापा, तो स्पॅनच्या बाहेरच राहील.