शब्दचर्चा: 'भूस्थिर' की 'भूसंकालिक'? आणि त्याच लेखातले चार अडलेले शब्द

मेधा (कर्वेनगर)
पुण्यातल्या एका विज्ञान मासिकासाठी भूस्थिर कक्षेतून पृथ्वी बघणाऱ्या उपग्रहांवरचा लेख तपासतेय. लेखकानं इस्रोच्या जीएसएलव्ही या प्रक्षेपक यानाला एकदा 'भूस्थिर उपग्रह प्रक्षेपक' म्हटलंय, चार ओळींनी 'भूसंकालिक'. दोन्ही एकच का? शिवाय 'हस्तांतरण कक्षा', 'प्रक्षेपण खिडकी', 'टेहळणी उपग्रह' आणि 'स्थानक राखणे' हे शब्द खटकताहेत. जाणकारांनी सांगावं.

कक्षाधारी
एकच नाहीत. पृथ्वीला स्वतःभोवती एक फेरी घ्यायला २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंद लागतात. तेवढ्याच वेळात जी कक्षा पूर्ण होते ती भूसंकालिक. मग ती कललेली असो वा लांबट. भूस्थिर होण्यासाठी आणखी दोन अटी आहेत: कक्षा वर्तुळाकार हवी आणि ती विषुववृत्ताच्या पातळीत हवी. असं एकच वर्तुळ निघतं, जमिनीपासून ३५,७८६ किमी उंचीवर.

आपल्या 'नाविक' या दिशादर्शन उपग्रहमालेची मूळ रचना बघा. सातपैकी तीन उपग्रह भूस्थिर आणि चार २९ अंशांनी कललेल्या भूसंकालिक कक्षांत. हे चार रोज आकाशात इंग्रजी आठाचा आकडा काढत वरखाली होतात. त्यांना भूस्थिर म्हटलं की चूकच.

जीएसएलव्हीच्या नावात भूसंकालिक आहे, तेव्हा भाषांतरातही तेच ठेवा. नावावर फार विसंबू नका मात्र. ३० जुलै २०२५ ला याच यानानं 'निसार' हा भूनिरीक्षण उपग्रह सूर्यसंकालिक कक्षेत सोडला, म्हणजे जिथून तो एखाद्या जागेवरून दर वेळी त्याच स्थानिक वेळेला जातो.

सदाशिवपेठी
'भूस्थिर' हा शब्दच मुळात फसवा नाही का? सेकंदाला तीन किलोमीटरहून अधिक वेगानं पळणाऱ्या वस्तूला स्थिर म्हणायचं?

कक्षाधारी
३.०७ किमी. पण शब्दात 'भू' आहे ना! भूच्या सापेक्ष स्थिर. पुण्यातून ७४ अंश पूर्वेवरच्या उपग्रहाकडे अँटेना लावायची तर जवळजवळ बरोबर दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण ६८ अंश वर धरायची आणि बोल्ट आवळून टाकायचे. बोल्ट आवळता येतात, याचाच अर्थ भूस्थिर.

अनिरुद्ध_औंध
'हस्तांतरण कक्षा' काढाच, मेधाताई. हस्तांतरण फ्लॅटचं होतं, सातबाऱ्याचं होतं. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती. इथं मालक बदलत नाही, उपग्रह एका कक्षेतून दुसरीत जातो. 'संक्रमण कक्षा' म्हणा. मकर संक्रमण जाणणाऱ्या वाचकाला अर्थ आपोआप लागतो.

शब्दाबरोबर एक गैरसमजही काढून टाका. 'यानानं उपग्रह भूस्थिर कक्षेत सोडला' असं बातम्यांत सर्रास येतं. यान तिथवर जात नाही. ते उपग्रहाला एका लंबवर्तुळात सोडतं: उपभू, म्हणजे पृथ्वीजवळचा बिंदू, सुमारे १७० किमीवर आणि अपभू, म्हणजे दूरचा बिंदू, सुमारे ३६,००० किमीवर. श्रीहरिकोटा विषुववृत्तावर नाही, त्यामुळे ही कक्षा साधारण वीस अंशांनी कललेलीही असते. पुढचं सगळं उपग्रहाच्या स्वतःच्या ४४० न्यूटनच्या इंजिनानं करायचं.

अपभूला उपग्रहाचा वेग जेमतेम १.६ किमी प्रति सेकंद असतो. तो ३.०७ वर न्यायचा आणि त्याच धक्क्यात कलही काढायचा. दोन्ही मिळून वेगात सुमारे १.६५ किमी प्रति सेकंद बदल लागतो. कल अपभूलाच काढतात, कारण वेग कमी असताना दिशा वळवणं स्वस्त पडतं. या एका कामात उपग्रहाच्या वजनाचा चाळीस टक्क्यांहून थोडा जास्त भाग जळून जातो. इन्सॅट-३डीआर हा हवामान उपग्रह उड्डाणाच्या वेळी २,२११ किलोचा होता. त्यातलं १,२५५ किलो इंधन आणि ते जाळायला लागणारा ऑक्सिडायझर, पुढे कक्षेत राहण्यासाठीचा साठाही धरून. कॅमेरा, सौरपट, सांगाडा सगळं उरलेल्यात.

इंजिन एकूण दीड-दोन तास चालतं, पण सलग नाही. अपभूपासून दूर गेल्यावर जळलेलं इंधन पुरतं कारणी लागत नाही, म्हणून ते तुकड्यांत चालवतात. प्रत्येक तुकड्यानंतर जमिनीवरून कक्षा मोजायची, इंजिनानं ठरल्याइतका जोर दिला का ते पाहायचं आणि पुढची वेळ ठरवायची. हा टप्पा चुकला तर काय होतं, त्याचं उदाहरण 'नाविक'चाच एनव्हीएस-०२ उपग्रह. २९ जानेवारी २०२५ ला यानानं काम चोख केलं, पण उपग्रहात इंजिनाला ऑक्सिडायझर देणाऱ्या झडपा उघडल्या नाहीत आणि तो लंबवर्तुळातच राहिला. तेव्हा 'प्रक्षेपण यशस्वी' आणि 'मोहीम यशस्वी' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. लेखात ती एकमेकांच्या जागी येऊ देऊ नका.

मेधा (कर्वेनगर)
संक्रमण कक्षा पक्की. उपभू-अपभू लेखात नव्हते, घालते. खिडकीचं काय?

सदाशिवपेठी
मुहूर्त म्हणा! पंचांग आहेच घरोघर.

कक्षाधारी
चेष्टा सोडली तर मुहूर्त फार वाईट नाही, कारण तोही सूर्याच्या जागेवरूनच ठरतो. उपग्रह सुटल्याबरोबर सौरपटावर ऊन यायला हवं, सूर्यसंवेदकांना सूर्य योग्य कोनात दिसायला हवा, संक्रमण कक्षेत पृथ्वीच्या सावलीतला काळ बॅटरीला झेपेल एवढाच हवा, आणि वाटेत दुसरा उपग्रह किंवा मोडतोड येता कामा नये. या अटी जेवढा वेळ एकदम पाळल्या जातात तेवढी मुदत मिळते. मी 'प्रक्षेपणाची मुदत' लिहीन. मुदत टळली की दुसऱ्या दिवशीची बघायची, हा अर्थही त्यात येतो. खिडकी आपल्याकडे तिकिटाचीच बरी.

वेधप्रेमी (पाषाण)
'टेहळणी' मात्र हाणून पाडा. टेहळणी म्हटलं की वाचकाला माणसं आणि गाड्या दिसायला लागतात. ईओएस-०३, म्हणजेच जायसॅट-१ (जीसॅट नव्हे, ते दळणवळणाचे उपग्रह), हा २,२६८ किलोचा भूनिरीक्षण उपग्रह भूस्थिर कक्षेतून ४२ मीटरचं विभेदन देणार होता, म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या ४२ मीटरचा. बेचाळीस मीटरमध्ये बारा मीटरच्या तीन बसगाड्या ओळीनं उभ्या राहतात. तेवढ्या सगळ्याचा मिळून एक ठिपका.

याहून बारीक का नाही, तेही लेखात यावं. ३५,७८६ किमीवरून ४२ मीटर म्हणजे सुमारे १.२ मायक्रोरेडियनचा कोन. दृश्य प्रकाशात एवढा कोन वेगळा ओळखायला साधारण ७० सेंटिमीटर व्यासाचा आरसा लागतो. आरसा दुप्पट करा, विभेदन निम्म्यावर येईल. पण वजन, यानाच्या नाकातली जागा आणि दुर्बीण स्थिर धरण्याचं काम तिन्ही वाढतील. एवढ्या बारीक कोनात उपग्रहाचं एखादं फिरतं चाक थोडं थरथरलं तरी चित्र पुसट होतं.

मग इतक्या लांब जायचं कशाला? वेळेसाठी. खालच्या कक्षेत फिरणाऱ्या रिसोर्ससॅट-२ उपग्रहाचा लिस-३ कॅमेरा २३.५ मीटरचं चित्र देतो, पण त्याच पट्ट्यावर तो २४ दिवसांनी परत येतो. ईओएस-०३ सगळा भारत अर्ध्या तासात आणि निवडलेला तुकडा पाच मिनिटांत पुन्हा टिपणार होता. पूर, वणवा, चक्रीवादळ यांना २४ दिवसांचा हिशेब कळत नाही. म्हणून 'अवकाशी विभेदन' आणि 'कालिक विभेदन' हे दोन शब्द लेखात शेजारी शेजारी ठेवा. निरीक्षणासाठी साधं 'निरीक्षण' पुरे. 'वेध' मला जास्त आवडतो, पण तो आता हवामान खात्याला चिकटलाय.

भोसरी_फिटर
वर ईओएस-०३ बद्दल 'देणार होता' असं आलंय, ते का तेही लिहा. १२ ऑगस्ट २०२१ ला पहाटे ५:४३ ला उड्डाण झालं, घन आणि द्रव टप्पे बरोबर चालले, क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनावरचा वरचा टप्पा पेटलाच नाही. ३०७ सेकंदांवर मोहीम थांबली.

चौकशीत कारण निघालं द्रव हायड्रोजनच्या टाकीचं. तिच्यावर एक झडप असते. दाब वाढला की ती वायू बाहेर सोडते. तिच्या मऊ सीलला इजा झाली होती, त्यामुळे ती गळत राहिली. उड्डाणानंतर टाकीतला दाब जसा चढायला हवा तसा चढला नाही. पेटवण्याच्या क्षणी दाब कमी, म्हणून इंधनाचा बूस्टर पंप नीट चालला नाही, आणि पुढे इंजिन पेटायला लागणारा प्रवाहच मिळाला नाही. द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशांला असतो. खोलीच्या तापमानाला लवचीक असलेलं सील तिथं काचेसारखं कडक होतं, त्यामुळे खोलीत केलेली गळतीची चाचणी पुरत नाही, थंड करूनच करावी लागते.

शब्दाचं म्हणाल तर 'निम्नतापी' कोशात शोभतो. शॉपफ्लोअरवर क्रायोजेनिकच म्हणतात, वाचकही तेच म्हणतो. 'झडप' मात्र छान आहे, व्हॉल्व्हच्या जागी बिनधास्त वापरा.

मेधा (कर्वेनगर)
वेधप्रेमी, जीसॅट-जायसॅटचा गोंधळ लेखातही आहे. दुरुस्त करते. शेवटचा उरला 'स्थानक राखणे'. एसटी स्थानक डोळ्यांपुढे येतं.

कक्षाधारी
'स्थानरक्षण'. उपग्रहाला नेमून दिलेलं रेखांश असतं. त्याच्या दोन्ही बाजूंना ०.१ अंश सोडला तरी त्या उंचीवर ती पट्टी सुमारे १४७ किमी रुंद होते. तिच्यात राहायचं. चंद्र-सूर्याच्या ओढीनं कक्षेचा कल वर्षाला पाऊण ते एक अंशानं वाढतो. तो काढायला वर्षाला सुमारे ५० मीटर प्रति सेकंद एवढा वेग खर्ची पडतो. पूर्व-पश्चिम सरकणं सावरणं स्वस्त आहे, आणि आपल्याला तर जास्तच. पृथ्वीचं विषुववृत्त नेमकं वर्तुळ नसल्यामुळे ७५ अंश पूर्वेजवळ एक स्थिर बिंदू आहे, तिथं उपग्रह आपणहून फारसा सरकत नाही. आता निवृत्त झालेल्या कल्पना-१ या हवामान उपग्रहाची जागा ७४ अंश होती, इन्सॅट-३डीआरचीही तीच, म्हणजे त्याला लागूनच.

दळणवळणाच्या उपग्रहाचा कल थोडा वाढला तरी काम भागवता येतं. कॅमेऱ्याच्या उपग्रहात किनारपट्टी रोज वरखाली डोलायला लागते आणि लागोपाठच्या चित्रांवरून ढगांचा वेग काढणं चुकतं.

अनिरुद्ध_औंध
स्थानरक्षणाबरोबर ती जागा मिळवण्याचंही वाक्य घाला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे वारंवारता आणि जागा नोंदवल्यापासून सात वर्षांत ती वापरात आणावी लागते, नाहीतर हक्क जातो. उपग्रहाच्या आराखड्याआधी हे कागद हलतात.

सदाशिवपेठी
आणि निवृत्त उपग्रहाच्या कक्षेला 'स्मशानकक्षा' लिहिलं असेल तर?

वेधप्रेमी (पाषाण)
चालेल. फक्त ती भूस्थिर कक्षेच्या सुमारे ३०० किमी वर असते असं स्पष्ट लिहा. स्मशान म्हटल्यावर उपग्रह खाली येऊन जळतो असं वाटतं. इतक्या उंचीवरून खाली आणायला लागणारं इंधन कुणाकडेच शिल्लक नसतं, वर ढकलायला मात्र काही किलो पुरतात. तेवढे किलो आधीपासून बाजूला ठेवावे लागतात, आणि टाकीत नेमकं किती उरलंय हे वजनशून्य अवस्थेत मोजणं अवघड असल्यानं अंदाजात थोडी सूट धरतात.