मूनफ्लॉवरला पानंच पानं, कळी एकही नाही. कोणतं खत घालू?

गच्चीवरची_माती (पुणे):
मंडळी, मे महिन्यात मूनफ्लॉवर लावलाय, तो संध्याकाळी पांढरी फुलं उमलणारा वेल. आमचा नर्सरीवाला त्याला गुलचांदणी म्हणतो. आता गणपती तोंडावर आलेत, वेल जाळी ओलांडून वरच्या मजल्याच्या ग्रिलला पोचला, पानं तळहाताहून मोठी, पण कळीचा पत्ता नाही. 14 इंची कुंडी, पश्चिमेचं ऊन. दर आठवड्याला जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पाणी) आणि पंधरवड्याला 19:19:19 हे पाण्यात विरघळणारं खत देते. दुकानदार म्हणतो 0:52:34 मारा. मारू का?

बापू_बागवान:
ताई, आधी दोन्ही बंद करा. 19:19:19 मधला पहिला आकडा नत्राचा. हा वेल रताळ्याच्या गोतातला, नत्र मिळालं की नुसता पाला वाढवतो. शेतात रताळ्याला जास्त युरिया पडला तर वर रान माजतं आणि खाली कंद बारीक राहतात, तसंच तुमचं झालंय. महिनाभर साधं पाणी द्या.

केळीसाल_प्रेमी:
केळीच्या साली भिजवून ते पाणी घाला, पोटॅश मिळतं. आमच्याकडे गुलाबाला बहार आली.

बापू_बागवान:
घाला, नुकसान नाही. पण त्या पाण्यात उतरतं अगदी थोडं, त्याच्या जिवावर कळ्या मोजत बसू नका. साली कंपोस्टात टाकलेल्या बऱ्या.

रातराणी_७:
खताचं बोलून झालं असेल तर एक विचारते. गच्चीवर रात्री दिवा असतो का? मूनफ्लॉवर लहान दिवसाचं झाड आहे, रात्र लांबली की कळ्या धरतो. पुण्यात जूनअखेर दिवस 13 तासांहून थोडा मोठा, ऑक्टोबरात 12 च्या खाली. म्हणजे आपल्याकडे खरा बहर पावसाळा सरताना सुरू होतो आणि थंडीत चालतो. ऑगस्टमध्ये कळी नाही म्हणून घाबरण्यासारखं काही नाही. पण रात्रभर एलईडी वेलावर पडत असेल, तर त्याच्या लेखी रात्र होतच नाही. मग कुठलंही खत घाला.

गच्चीवरची_माती:
अगं बाई! गच्चीचा दिवा बंद करता येईल, पण सोसायटीचा खांब बरोबर समोर आहे.

रातराणी_७:
त्या बाजूला शेडनेट किंवा जुनं पोतं बांधा. कुंडी मात्र ओढू नका, ह्याच्या मुळांना हात लागलेला चालत नाही.

जर्सीकर:
रातराणीताईंना अनुमोदन. इथे न्यू जर्सीत जूनमध्ये दिवस 15 तासांचा, त्यामुळे फुलं ऑगस्टअखेर, कधी सप्टेंबरात. पहिलं कडक हिव पडलं की वेल काळा पडून संपतो, म्हणून बिया एप्रिलमध्येच घरात रुजवतो. तुम्हाला ती घाई नाही, नशीबवान आहात.

नवखा_माळी:
मध्येच घुसतो. माझ्या बिया रुजतच नाहीत, कुजतात.

बापू_बागवान:
साल दगडासारखी असते. डोळ्याची बाजू सोडून नेलकटरने टवका काढा किंवा सँडपेपरवर घासा, आतला पांढरा भाग जरासा दिसला की पुरे. मग रात्रभर कोमट पाण्यात. फुगलेलीच बी लावा, बोटाच्या पेराएवढी खोल, थेट कायमच्या कुंडीत. ऊब असेल तर आठवड्या-दीड आठवड्यात वर येते. थंडीत लावाल तर कुजणारच.

सदाफुली_सोलापूर:
मी मूनफ्लॉवर म्हणून आणलेलं तर झुडूपच झालं. फूल पांढरं, मोठं, संध्याकाळी उमलतं, पण वर चढत नाही. आधार कमी पडतोय का?

रातराणी_७:
फळ काटेरी आहे का? असेल तर तो धोत्रा. त्यालाही काही लोक मूनफ्लॉवर म्हणतात. सगळंच विषारी, घरात लहान मूल असेल तर काढून टाका, हात धुवा. गुलचांदणीची पानं पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची, कळी मिटलेल्या छत्रीसारखी पिळलेली. तिच्याही बिया खायच्या नाहीत बरं.

गच्चीवरची_माती:
मग 0:52:34 चं काय ठरलं?

बापू_बागवान:
कळ्या टाचणीच्या डोक्याएवढ्या दिसल्या की लिटरला 1 ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा, सकाळी फवारा. त्यात नत्र नाही, स्फुरद-पालाश आहे. सेंद्रियच हवं तर मूठभर बोनमील आत्ता मातीत मिसळा, ते सावकाश लागू पडतं. जीवामृत दिवाळीनंतर, तेही महिन्यातून एकदा. आणि मावा बघत राहा, कोवळ्या शेंड्यांवर बसतो. निंबोळी तेल संध्याकाळी मारू नका, फुलं तेव्हाच उघडतात आणि हॉकमॉथ पतंग त्यांच्यावर येतात. बी हवं असेल तर त्या पतंगांना दुखवून चालत नाही.

गच्चीवरची_माती:
शेडनेट उद्याच आणते. सेक्रेटरींना खांबाचं विचारून पाहते, पण ते ऐकतील असं वाटत नाही.