१२८ एमबी रॅमच्या राउटरला यूएसबी एसएसडीवर स्वॅप द्यायचा आहे (ओपनडब्ल्यूआरटी)

वेताळटेकडी:
राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी २४.१० (राउटरसाठीची लिनक्स प्रणाली) आहे. एथ७९ टार्गेट, १२८ एमबी रॅम, १६ एमबी एनओआर फ्लॅश, यूएसबी २.० चा एकच पोर्ट, ५ गिगाहर्ट्झला एटीएच१०के वायफाय ड्रायव्हर. अ‍ॅडब्लॉकच्या (जाहिराती अडवणारं पॅकेज) सगळ्या याद्या मिळून साधारण अडीच लाख डोमेन होतात. दिवसभर काही तक्रार नाही. पहाटे चारला क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा) याद्या ताज्या करायला घेतो आणि लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस' असं येतं, पुढे नाव डीएनएसमास्कचं (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा प्रोग्रॅम). सकाळी वायफाय जोडलेलं दिसतं, पण एकही साइट उघडत नाही.

लॅपटॉपमधून काढलेली १२० जीबीची साटा एसएसडी आणि यूएसबी केसिंग हाताशी आहे. त्यावर ८ जीबी स्वॅप (रॅम भरली की तिच्यातला डेटा ठेवायची डिस्कवरची जागा) द्यावा असा विचार आहे. यूएसबी २.० वरून हे चालेल का? एसएसडी लवकर झिजेल का? आणि पेनड्राइव्हने काम भागत असेल तर एसएसडी कशाला अडकवायची?

लोहार:
चालेल, पण ८ जीबी नको. स्वॅपमधल्या प्रत्येक ४ केबीच्या पानामागे (मेमरीच्या तुकड्यामागे) कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, रॅममध्ये एक बाइटची नोंद ठेवतो, पान वापरात असो वा नसो. ८ जीबी म्हणजे जवळपास २१ लाख पानं, म्हणजे २ एमबी रॅम नुसत्या नोंदवहीत गेली. १२८ एमबीच्या यंत्रात, तेही मेमरी कमी पडते म्हणून स्वॅप लावताना, हा खर्च परवडणारा नाही. ५१२ एमबी स्वॅप घ्या. नोंदवही १२८ केबीत आटोपते आणि तुमच्या कामाला तेवढा पुरून उरतो.

पेनड्राइव्ह नको. त्याचा लहान लहान तुकड्यांत, विस्कळीत लिहिण्याचा वेग बऱ्याचदा सेकंदाला १ एमबीच्याही खाली जातो, आणि स्वॅपचं लिहिणं नेमकं तसंच असतं. पेनड्राइव्ह आतली साफसफाई करायला थांबला की राउटर सेकंद-दोन सेकंद गोठतो. एसएसडी झिजण्याची मात्र काळजी करू नका. ४० टीबी लेखनमर्यादेची साधी एसएसडी रोज २ जीबी लिहूनसुद्धा २० हजार दिवस पुरेल.

यूएसबी २.० चा वेग, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला ३०-३५ एमबी, इथे अडचणीचा नाही. महत्त्वाचा आहे तो एकेका पानाला लागणारा वेळ. डीएनएसमास्क २.८६ पासून डोमेनची यादी क्रमाने लावून ठेवतो आणि अर्धी-अर्धी करत शोधतो. अडीच लाखांत सुमारे १८ पायऱ्या होतात. त्यातली काही पानं स्वॅपमध्ये असली तरी एका प्रश्नाला फार तर काही मिलिसेकंद जास्त लागतील.

आता कृती. विभाजन पीसीवरच करून घ्या, तेही जमलं तर एसएसडी थेट साटा पोर्टला जोडून. आधी ब्लकडिस्कार्ड कमांड चालवून पूर्ण डिस्क मोकळी करा (आतलं सगळं जाईल, डिस्कचं नाव दोनदा तपासा). मग २०४८ व्या सेक्टरपासून ५१२ एमबीचं एकच विभाजन, प्रकार ८२ (लिनक्स स्वॅप). बाकी जागा तशीच रिकामी सोडा. यूएसबी केसिंगमधून ट्रिम (कुठली जागा मोकळी आहे ही एसएसडीला सूचना) बहुधा आतपर्यंत पोहोचत नाही, तेव्हा ही रिकामी जागाच कंट्रोलरला झीज वाटून द्यायला उपयोगी पडते.

राउटरवर ओपीकेजीने (पॅकेजं टाकणारी कमांड) ब्लॉक-माउंट, केमॉड-यूएसबी-स्टोरेज, स्वॅप-युटिल्स आणि झेडरॅम-स्वॅप (डेटा दाबून रॅममध्येच ठेवणारा स्वॅप) ही चार पॅकेजं टाका. केमॉड-यूएसबी-स्टोरेज-यूएएस मुद्दाम टाकू नका. काही केसिंगच्या ब्रिज चिपा यूएएसमध्ये (यूएसबी डिस्कची वेगवान पद्धत) अडखळून रीसेट होतात, आणि २.० च्या पोर्टावर त्याचा फायदाही नगण्य आहे. डिस्क जोडल्यावर त्या विभाजनावर एमकेस्वॅप चालवा आणि 'ब्लॉक इन्फो'ने यूयूआयडी (विभाजनाचा ओळखक्रमांक) बघून घ्या. ईटीसी/कॉन्फिगमधल्या एफएसटॅब फाइलमध्ये 'कॉन्फिग स्वॅप' असा विभाग करा: एनेबल्ड १, यूयूआयडी तुमचा, प्रायॉरिटी १०. त्याच फाइलच्या ग्लोबल विभागात ऑटो_स्वॅप १ आहे ना ते बघा. बूट होताना डिस्क उशिरा जागी झाली तरी त्यामुळे स्वॅप चालू होतो.

यूयूआयडीऐवजी एसडीए१ असं नाव कधीच लिहू नका. डिस्क मध्येच रीसेट झाली तर जुनं नाव स्वॅपने धरून ठेवलेलं असतं, म्हणून तीच डिस्क परत येताना एसडीबी होऊन येते.

झेडरॅमचा आकार सांगितला नाही तर तो रॅमच्या निम्मा होतो. ईटीसी/कॉन्फिगमधल्या सिस्टम फाइलमध्ये झेडरॅम_साइझ_एमबी ४० आणि झेडरॅम_प्रायॉरिटी १०० द्या. कॉम्प्रेशन एलझेडओच राहू द्या, झेडएसटीडी या एमआयपीएस प्रोसेसरला जड जातं. प्रायॉरिटीचा आकडा मोठा म्हणून आधी झेडरॅम भरेल, मग एसएसडी. रीबूट करून प्रॉक/स्वॅप्समध्ये (चालू स्वॅपची यादी) दोन्ही ओळी आणि दोन्ही प्रायॉरिटी दिसल्या पाहिजेत.

सांधेवाला:
लोहार यांनी विजेचा विषय घेतला नाही, आणि अशा जोडण्या सगळ्यात जास्त तिथेच फसतात. यूएसबी २.० पोर्टाची हमी ५०० मिलिअँपिअरची, म्हणजे २.५ वॉटची. तुमच्या एसएसडीचं लेबल वाचा. ५ व्होल्टला १ अँपिअर किंवा त्याहून जास्त लिहिलेलं सहज सापडेल. वाचताना ती निभावून नेते, लिहिताना मागणी वाढली की व्होल्टेज खाली बसतं. डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) 'रीसेट हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस' वारंवार दिसलं तर आधी वीज तपासा, मग केबल, आणि केसिंगवर संशय सर्वात शेवटी.

साध्या डेटा डिस्कचा रीसेट खपून जातो. स्वॅप डिस्क मात्र गेली की तिच्यावरची पानं गेली. कर्नल 'रीड-एरर ऑन स्वॅप-डिव्हाइस' लिहितो आणि ज्या प्रोसेसला ते पान हवं असतं ती 'बस एरर'ने मरते. ती प्रॉकडी (बाकी सगळ्या सेवा चालवणारी मूळ प्रोसेस) असेल तर पूर्ण राउटरच पडतो. म्हणून स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला यूएसबी हब घ्या.

आणि हबचा अ‍ॅडॉप्टर कुठे लावता ते फार जपा. आपल्याकडे राउटर १२ व्होल्टच्या मिनी यूपीएसवर असतो आणि हब भिंतीतल्या सॉकेटवर. वीज गेली की राउटर चालू राहतो आणि त्याचा स्वॅप बंद पडतो, म्हणजे यूपीएस असूनही राउटर लटकतो. इन्व्हर्टरकडे वळतानाच्या क्षणभराच्या खंडातही हेच होतं. १२ आणि ५ व्होल्ट दोन्ही देणारे मिनी यूपीएस मिळतात. हबला त्याच्याच ५ व्होल्टच्या तोंडातून वीज द्या, मात्र ते तोंड निदान २ अँपिअरचं असावं. दोघं एकाच डब्यावर असले की जगतात तेव्हा एकत्र जगतात, बंद पडले तर एकत्र पडतात, आणि स्वॅपच्या बाबतीत तेच हवं आहे.

एनव्हीएमई (साटाहून वेगवान एसएसडी) मात्र या कामाला नको. वीज जास्त खाते, केसिंग तापतं, आणि २.० पोर्टावर तिचा वेग वाया जातो.

रात्रपाळी:
दोन गोष्टी जोडतो.

स्वॅपीनेस (कर्नलचा स्वॅप वापरण्याकडे किती कल असावा तो आकडा) कमी करून १० ठेवा असा सल्ला सगळीकडे मिळतो. ओपनडब्ल्यूआरटीवर तो उलटा पडतो. इथले प्रोग्रॅम स्क्वॅशएफएस या फक्त वाचायच्या फाइलप्रणालीत, एक्सझेडने दाबलेले, एसपीआय फ्लॅशवर असतात. स्वॅपीनेस कमी म्हणजे कर्नल डेटा बाहेर टाकायचं टाळतो आणि त्याऐवजी प्रोग्रॅमचीच पानं सोडून देतो. पुढच्या क्षणी तीच पानं फ्लॅशवरून वाचून, उलगडून परत आणावी लागतात. लोड ८-१० वर जातो, एसएसएच उघडत नाही, आणि स्वॅप मात्र जवळजवळ रिकामा दिसतो. मुळातलं ६० तसंच ठेवा, झेडरॅम सोबतीला असताना १०० केलं तरी चालेल. व्हीएम पेज-क्लस्टर हे कर्नलचं सेटिंग मात्र ३ वरून ० करा. ३ म्हणजे एक पान मागितलं की ८ पानं आणणं. फिरत्या डिस्कला ते सोयीचं होतं, इथे त्यातली बहुतेक पानं फुकट येतात आणि भरलेल्या रॅममध्ये जागा अडवतात.

दुसरं म्हणजे कर्नलची स्वतःची मेमरी स्वॅपमध्ये जात नाही. पॅकेटांचे बफर, कनेक्शन ट्रॅकिंगचं टेबल, वायफाय ड्रायव्हर, सगळं रॅममध्येच राहतं. एटीएच१०के त्यातला सर्वात मोठा खादाड. केमॉड-एटीएच१०के-सीटी काढून त्याच्या जागी स्मॉलबफर्स नावाचं रूप टाका, काही एमबी कायमचे मोकळे होतील. हा बदल केबल लावून करा, वायफायवरून नको.

वेताळटेकडी:
आभार. हब आणला, यूपीएसच्या ५ व्होल्टवर लावला. प्रॉक/स्वॅप्समध्ये झेडरॅम १०० आणि एसएसडी १० दिसतात, पण एसएसडीचा वापर शून्य. टेम्प फोल्डरमध्ये डीडी कमांडने झीरोची ४० एमबी फाइल करून पाहिली तरी शून्यच. आणि डीएफमध्ये टेम्पचा आकार अजून ६० एमबीच्या आसपास आहे, तो वाढायला नको होता का?

लोहार:
झीरोने चाचणी होत नाही. झेडरॅममध्ये शून्यांचं पान जवळपास जागाच घेत नाही. झीरोऐवजी यूरँडम (विस्कळीत, यादृच्छिक डेटा) वापरा, ४० एमबीच. ती पानं दाबली जात नाहीत, झेडरॅम भरतो आणि एसएसडीचा आकडा हलताना दिसतो. मग फाइल पुसा.

टेम्प ही टीएमपीएफएस, म्हणजे रॅममध्ये राहणारी फाइलप्रणाली आहे. तिची मर्यादा प्रत्यक्ष रॅमच्या निम्मी धरली जाते, स्वॅप त्यात मोजला जात नाही. याद्या उतरवताना टेम्पच भरत असेल तर रीमाउंट करून आकार ९६ एमबी द्या. तिथली पानंही स्वॅपमध्ये जाऊ शकतात, म्हणून आता ते सुरक्षित आहे. स्वॅप नसताना मात्र असं करू नका.

रात्रपाळी:
एक मर्यादा राहते. झेडरॅम आधी भरतो म्हणजे बूटच्या वेळची, कधीच न लागणारी पानं त्यात बसून राहतात आणि नंतरची, जास्त लागणारी एसएसडीवर जातात. काही दिवसांनी डीएनएस जरा मंद वाटला तर फ्री कमांड चालवून बघा. अव्हेलेबलचा आकडा एसएसडीवर वापरलेल्या जागेपेक्षा मोठा असेल तरच त्या विभाजनाचा स्वॅपऑफ आणि लगेच स्वॅपऑन करा, पानं परत रॅममध्ये येतात. आकडा लहान असेल तर हात लावू नका, स्वॅपऑफ स्वतःच आउट ऑफ मेमरी घडवून आणेल.

सांधेवाला:
सिसअपग्रेड (राउटरचं फर्मवेअर नवं) करताना लक्षात ठेवा: एफएसटॅबची फाइल टिकते, नंतर टाकलेली पॅकेजं टिकत नाहीत. सेटिंग जागच्या जागी दिसतं, स्वॅप मात्र चालू झालेला नसतो, आणि ते पहाटे चारला कळतं. क्रॉनमधली ओळ तात्पुरती बंद करा, पॅकेजं परत टाका (अटेंडेड सिसअपग्रेड वापरलं तर ती इमेजमध्येच येतात), प्रॉक/स्वॅप्समध्ये दोन्ही ओळी दिसल्या की क्रॉन चालू करा.