नाल्याकाठचे तीन गुंठे घ्यावेत का?

मागवाला, वडगाव:
नमस्कार मंडळी. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याच्या बाजूला तीन गुंठ्यांचा प्लॉट बघितलाय. घरात दोन यंत्रमाग, आई-बाबा, आम्ही दोघं आणि पोर. जागा पुरत नाही. भाव परवडतोय. पण जमीन रस्त्यापेक्षा तीन फूट खाली आहे. विकणारा म्हणतो, मुरूम टाकून वर काढा, मग काळजी नाही. अजून पैसे दिलेले नाहीत. काय करू?

शिवारातला:
भाऊ, घेऊ नका. त्याच शिवारात आमचं दीड एकर भात आहे, म्हणून कळकळीने लिहितोय.

हिशोब बघा. तीन गुंठे म्हणजे 3,267 चौरस फूट. तीन फूट भर घालायला 98 ब्रास मुरूम लागणार. पुरात तेवढ्या जागेत पावणेतीन लाख लिटर पाणी बसत होतं. तुम्ही भर घातली की ते कुठं जाणार? माझ्या रोपांवर, नाहीतर तुमच्या शेजाऱ्याच्या घरात. उद्या पलीकडचा तुमच्यापेक्षा फूटभर जास्त भर घालेल, मग खड्ड्यात तुम्ही.

उन्हाळ्यात दिसते ती चर म्हणजे नाला नव्हे. पावसाळ्यात दोन्ही अंगांची भातशेतं नाल्याचीच असतात. वीतभर बांध असला तरी एकरावर पडलेला चार इंच पाऊस, म्हणजे चार लाख लिटर, जागच्या जागी थांबतो आणि सावकाश उतरतो. त्याच एकरावर काँक्रीट आणि पत्रे आले की ते पाणी बघता बघता नाल्यात येतं. नाल्यात गाळ आणि जलपर्णी, पुढं सरकणार कसं? 2019 च्या ऑगस्टात आमची लावण पाण्याखाली राहून कुजली. रोप हातात घेतलं तर लिबलिबीत. त्या वर्षी आईने आयुष्यात पहिल्यांदा विकतचा तांदूळ शिजवला. ते मला अजून सोसत नाही.

निवृत्त मोजणीदार, खानापूर:
उतारा काढा आणि ‘पोट खराब’चा, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जमिनीचा, रकाना वाचा. आपल्या कर्नाटकात त्याचे अ आणि ब असे दोन भाग असतात. ‘ब’ म्हणजे नाला, वाट यांसारखी सार्वजनिक जागा. ती कुणाला विकता येत नाही. मग गाव नकाशावर नाल्याची रेघ कुठून जाते ते बघा. जमीन महसूल कायद्याच्या कलम 95 खाली बिगरशेती झालीय का, विचारा. नुसत्या बाँड पेपरवर व्यवहार करून भागत नाही.

रस्त्याखालचे नळेही उतरून बघा. चार फुटी एका नळ्याऐवजी दोन फुटी दोन टाकले, तर त्यातून एक तृतीयांशही पाणी जात नाही. वर कचरा अडकतो तो वेगळाच.

वाचक, शहापूर:
मोजणीदार काकांचं म्हणणं खरं आहे. आमच्या भावाने उतारा न बघता प्लॉट घेतला, आता घर बांधायला परवानगी मिळत नाही.

मागवाला:
काल बाबांना घेऊन जाऊन आलो. कुंपणाच्या तारेत वाहून आलेला कचरा माझ्या कमरेच्या वर अडकलाय. उतारा काढला, त्या सर्व्हे नंबरात सहा गुंठे ‘ब’ खराब आहे. विकणाऱ्याला नको म्हणून कळवलं. शिवारातले दादा, तुमच्या बांधापलीकडे प्लॉटचे नवे दगड रोवलेत, पाहिलेत का?

शिवारातला:
पाहिले. सोमवारी आम्ही सात-आठ शेतकरी गाव नकाशा घेऊन तहसील कार्यालयात जातोय. उताऱ्याची तुमची प्रत घेऊन अकरापर्यंत येता का?